कोरड्या पायऱ्या

माघात पनवेलला अजूनही चार दिवस थंडी पडते. शाल बाहेर काढावी की नाही असा प्रश्न पडण्याइतपतच, पण पडते. माझ्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून समोर उड्डाणपूल दिसतो, त्याच्यापलीकडे इमारती, आणि त्यांच्याही पलीकडे कुठेतरी खाडी असावी. ती दिसत नाही. मी सकाळचा चहा घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहते. माघातल्या संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ बारीक अक्षरात छापलेली असते. इतर बायका ती वेळ वाचतात. मी चतुर्थीची पाऊणपट करते. चारची पाऊणपट तीन. म्हणजे आज तीन वाजता भरती, आणि आपलं बंदर खाडीच्या अगदी टोकाला म्हणून वर अर्धा तास.

या हिशेबाचा आता कोणाला काही उपयोग नाही. पण लहानपणी तोंडात बसलेला पाढा सुटत नाही, तसं हे आहे.

हा हिशेब नानांनी शिकवला. नाना म्हणजे माझे वडील. बाजारपेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन फळ्या आणि एक काचेची पेटी. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर दुसऱ्यांच्या वेळा नीट करत बसायचे. तेवढ्याने त्यांचं भागत नसे, म्हणून दरवर्षी त्यांना एक नवा छंद लागे. आणि नानांना छंद लागला की तो एकट्याला लागत नसे, घराला लागे. एका वर्षी आम्ही सगळे बाजाची पेटी शिकलो, म्हणजे शेजाऱ्यांनी ते सहन केलं. एका वर्षी अंगणात काठी रोवून तिच्या सावलीवरून वेळ सांगायला शिकलो. मी सांगते आहे ते वर्ष भरतीचं. रेल्वे तेव्हा पनवेलपर्यंत यायची होती, मी दहा-अकराची होते, दादा मॅट्रिकला बसणार होता आणि ताईला स्थळं पाहणं सुरू झालं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला, लोक चोपड्यांची पूजा करत होते तेव्हा, नानांनी एक कोरी लांब वही आणली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि आम्हाला बंदरावर नेलं. बंदराला दगडी पायऱ्या होत्या. पूर्ण भरतीला पाणी किती चढतं ते वर्षभर, रोज, लिहायचं. मोजायचं सोपं. पाण्याबाहेर राहिलेल्या पायऱ्या वरून मोजायच्या. कोरड्या कमी, तर पाणी जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दोनच कोरड्या उरत, कधी एकच. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी आळशीपणा करी आणि सात-सात आठ-आठ पायऱ्या उघड्या राहत. उजेडातली भरती धरायची, आणि पाणी थांबलेलं असताना डोळ्यांनी बघायचं. "मागाहून ओल बघून लिहायचं नाही," नाना म्हणाले. "ओल दगडात वर चढते. ती फसवते."

पाळ्या लागल्या. वहीत चार रकाने: वार, तिथी, कोरड्या पायऱ्या, शेरा. शेऱ्यात हवामान लिहायचं असा नानांचा बेत होता. प्रत्यक्षात तिथे काहीही येई. दादाच्या अक्षरात 'चाचणीत बीजगणितात पहिला'. ताईच्या अक्षरात 'स्थळ आले, नाक उडवून गेले'. माझ्या अक्षरात 'खेकडा'. आणि आईचं एक वाक्य मला अजून पाठ आहे, 'आज सायकलवरून एकदाच पडले'.

कारण त्याच वर्षी आई सायकल शिकत होती. नऊवारीचा काचा घट्ट मारून, तळ्याकाठच्या मोकळ्या जागेवर, सायकल दादाने मागून धरलेली. सकाळी लवकर जायचं, म्हणजे बघे नसतात. बघे असायचेच. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहायच्या आणि एक जण हमखास म्हणायची, "वयनी, घराकडं जाताव का मुंबईला?" आई उत्तर द्यायला वळली की पडायची. महिन्याभरात ती बंदरापर्यंत सायकलने जाऊन पायऱ्या मोजून परत येऊ लागली, आणि मग तिच्या पाळीच्या दिवशी वही आमच्या हातात यायचीच नाही.

मला त्या थंडीचे वास आठवतात. खाजणातल्या चिखलाचा, ज्याला बाहेरगावचे पाहुणे नाक मुरडत आणि आम्हाला तो वास आहे हेच कळत नसे. वालाच्या शेंगांची पोपटी लावली की मडक्यातून येणारा भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास. दुकानातल्या घड्याळाच्या तेलाचा, नानांच्या बोटांना कायमचा चिकटलेला. पायऱ्यांवर बसलं की समोरून मिठाच्या गोण्या भरलेला मचवा सावकाश सरकत जाई आणि त्यावरचा माणूस आमच्याकडे बघत राही. ही माणसं पायऱ्या मोजतात हे हळूहळू सगळ्या बंदराला माहीत झालं होतं. "आज किती?" असं ते आम्हालाच विचारायचे. त्यांना आकडा पाण्याकडे बघूनच कळत असणार. आमची गंमत करत होते.

माघातल्या एका रविवारी आम्ही कर्नाळ्याच्या किल्ल्यावर गेलो. एस.टी.ने पायथ्यापर्यंत, मग चालत. नानांचं गणित असं की सकाळी लवकर निघायचं, दुपारच्या भरतीला परत बंदरावर. संकष्टी होती, आईचा उपास, तिच्याकडे शेंगदाण्याचे लाडू आणि आमच्याकडे भाकरी-पिठलं. वर पोचायलाच उशीर झाला. त्याच्या माथ्यावरच्या सुळक्याच्या अंगाला आग्यामाश्यांची मोठाली पोळी लटकलेली असतात हे सगळ्या पनवेलला माहीत आहे. नानांनाही होतं. पण दादाने चुलीला म्हणून काटक्या पेटवल्या, चहासाठी, आणि धूर वर गेला.

पुढचं मला तुकड्यांनी आठवतं. आईने मला पदरात गुंडाळून खाली बसवलं. ताईचं ओरडणं. नाना धोतर सोडून आमच्यावर टाकत होते, म्हणजे ते स्वतः जवळजवळ उघडे होते, आणि सर्वांत जास्त डंख त्यांनाच बसले. उतरताना आम्ही एकमेकांची तोंडं बघून घाबरत होतो. गाडी चुकली होती. दिवेलागणीच्या सुमाराला एका बैलगाडीतून आम्ही घरी आलो, थेट दारात. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस आणि चुना जे सापडेल ते लावलं. चंद्रोदय झाला तेव्हा आईचा ओठ इतका सुजला होता की उपास सुटूनही तिला काकूंनी दिलेला मोदक खाता आला नाही, आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नंतरचे चार दिवस आमच्या घरात पाच जण पाच कोपऱ्यांत पडून होते. ताप, सूज, कण्हणं. नानांचे दोन्ही डोळे मिटले होते. ज्या माणसाचं पोट डोळ्यांवर चालतं त्याचे डोळे मिटले, पण त्यांनी दुकानाची चौकशी केली नाही. संध्याकाळ झाली की ते पडल्या पडल्या विचारत, "आज किती?" आणि कोणीतरी सांगे, "चार, नाना."

बुधवारी माझी पाळी होती. सप्तमी. माझा एक पाय चपलेत मावत नव्हता. मी वही उघडली, आदल्या दिवशीचा ताईचा आकडा बघितला, चार, आणि विचार केला की पाणी उतरतं आहे म्हणजे आज पाच असतील. मी 'पाच' लिहिलं. नानांना सांगितलं, "पाच." ते म्हणाले, "शाबास. त्या पायाने गेलीस?" मी हूं म्हटलं. बंदर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं.

सूज उतरल्यावर नानांनी वही मागून घेतली, डोळ्यांशी धरून वाचली आणि त्या आठवड्याच्या शेऱ्यात आपल्या हाताने लिहिलं, 'सर्व आजारी, तरी खंड नाही.' पुढे कितीतरी दिवस ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत. मी दुकानात जायचं टाळू लागले.

वर्ष पुढे सरकलं. दादा पास झाला. मी तळ्यात पोहायला शिकले. आई सायकलने थेट माहेरी जाऊन आली, तिथे महिनाभर तेवढाच विषय होता. पावसाळ्यात छत्री धरून पायऱ्या मोजताना ताई घसरली आणि तिला पाण्यातून वर काढणाऱ्या माणसाच्या ओळखीतून उरणचं स्थळ आलं. तो माणूस धर्मा तांडेल. त्याची लाँच उरणजवळच्या मोऱ्याच्या बंदरातून माल आणि माणसं घेऊन ये-जा करी. ताईचं जमलं. मुलगा चांगला होता, शिक्षक. दिवाळीला वही भरली आणि लग्न ठरलं ते पुढच्या माघात, वद्य सप्तमीला, गोरज मुहूर्तावर.

मुलाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. रस्त्याच्या खाचखळग्यांतून गाडीने येणं त्यांना शक्य नव्हतं, डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. आणि मुलाने बैठकीतच शांतपणे सांगितलं होतं, बाबा मांडवात नसतील तर अक्षता पडणार नाहीत. तेव्हा वऱ्हाड पाण्याने यायचं, धर्माच्या लाँचमधून, खुर्चीत बसवून वडिलांना आणायचं आणि आमच्या पायऱ्यांवर अलगद उतरवायचं. सहापेक्षा जास्त पायऱ्या कोरड्या असतील तर मोठी लाँच पायऱ्यांपर्यंत पोचत नसे, अलीकडच्या वळणावर गाळात बसे. नानांनी वही काढली. इतर महिन्यांच्या सप्तमीला सात-आठ होत्या, पण माघाला माघाचीच नोंद धरायची असं त्यांचं म्हणणं. गेल्या माघातली वद्य सप्तमी. पाच. त्यांनी व्याह्यांना पत्र घातलं: गतवर्षी याच तिथीस पाचच पायऱ्या कोरड्या होत्या, स्वतःच्या घरची नोंद आहे, निःशंक यावे.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना धर्मा घरी आला. मी त्याला पाणी नेऊन दिलं.

"नाना, सातमीला भांगाचं पानी हाय," तो म्हणाला. "लाँच वळनावर बसंल. पायरीला नाय लागायची."

"अरे, पाच आहेत. बघ, लिहिलंय."

धर्माने वहीकडे पाहिलंही नाही. "वही बोलते ती बोलूं दे. आमी पान्यात र्‍हातो."

"तू अंदाजाने सांगतोस. हे मोजलेलं आहे," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खात्री होती. धर्मा तांब्या खाली ठेवून निघून गेला.

मी माडीच्या जिन्यात जाऊन बसले. तिथे ताईने मला पाहिलं. काय झालं विचारलं तेव्हा मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगितलं: पाय, चप्पल, पाच. तिचं वऱ्हाड माझ्या एका खोट्या आकड्यावर येणार होतं. ताई आधी हसली. मग तिचं हसू थांबलं.

"तू माझ्या चारवरून पाच केलेस?"

"हो."

"माझे चार मी दादाच्या चारवरून लिहिले. मी पण गेले नव्हते."

दादाला बोलावलं. दादा खांबाला टेकून उभा राहिला आणि नखाने चुना खरवडत म्हणाला की त्याने आदल्या दिवशीच्या तीनमध्ये एक मिळवला होता. डोळा उघडत नव्हता, काय करणार. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. "गुरुवारचे सहा माझे," ती म्हणाली. "माझा तर तापाने जीव जात होता. पण ह्यांनी विचारलं, आणि मला नाही म्हणवेना."

चौघेही तिथेच बसलो. प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीचे खरे गेले असतील. त्या आठवड्यात आमच्या घरातलं कोणीही बंदराकडे फिरकलं नव्हतं. नानांना सांगायला हवं, दादा म्हणाला. कोण सांगणार, ताई म्हणाली. शेवटी आई म्हणाली, "वहीचं सांगायचं नाही. लाँचचं आपण बघू." आणि ती सायकल काढून धर्माकडे गेली.

धर्माने तिला एवढंच विचारलं, "नानांस्नी म्हाईत नाय?" ती नाही म्हणाली. "मंग होड्या माज्या," तो म्हणाला. "तुमी काय बी बोलू नका."

लग्नाच्या दिवशी पाच वाजता नाना पायऱ्यांवर उभे होते. नवा कोट, खिशात घड्याळ, मागे वाजंत्री. आम्ही चौघे त्यांच्या मागे. ताईला खरं तर घरात बसायला हवं होतं, पण ती मुंडावळ्यांसकट आली होती. भरती हळूहळू चढत होती आणि आम्ही चौघे मनातल्या मनात तेच मोजत होतो. अकरा. दहा. नऊ. लाँच दूर वळणावर दिसली, वाजंत्री सुरू झाले, आणि लाँच थांबली. जराशी कलली आणि तशीच राहिली. आठवी पायरी ओली झाली नाही ती झालीच नाही. पाणी आरशासारखं स्थिर झालं.

नानांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. परत ठेवलं. मुहूर्ताला तासभर होता. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसाला इतकं घाबरलेलं पाहिलं.

मग वळणावरच्या तिवरांतून होड्या बाहेर आल्या. एक, दोन, पाच. धर्माची माणसं. त्यांनी लाँचला होड्या भिडवल्या, खुर्ची माणसासकट उचलून एका रुंद होडीत ठेवली, चौघांनी चार बाजूंनी धरली. होडीला पाणी थोडं पुरतं. व्याही त्या खुर्चीत ताठ बसून, चांगला हात मांडीवर ठेवून, शांतपणे आमच्या बंदराकडे येत होते. खालच्या पायऱ्यांवर बुळबुळीत गाळ होता. धर्मा स्वतः गुडघाभर चिखलात उतरला आणि खुर्ची खांद्यावर आली. "संबालून, संबालून, पायरी निसरडी हाय!" एवढाच आवाज सगळीकडे.

व्याही वर पोचले. नाना त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "क्षमा करा. चूक माझी आहे. आकडा खोटा होता, माझ्यामुळे."

व्याह्यांना नीट बोलता येत नसे. त्यांनी चांगला हात उचलून नानांच्या कोटाला लावला आणि काहीतरी म्हटलं, मुलाने सांगितलं, "बाबा म्हणतायत, पालखीतून आल्यासारखं वाटलं." सगळे हसले. वाजंत्री परत सुरू झाले. आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. आम्हाला वाटलं, नानांनी घराचा दोष स्वतःवर घेतला. केवढा माणूस, असं आम्हाला वाटलं, आणि खरं सांगायचं तर आम्हाला सुटल्यासारखंही झालं.

अक्षता वेळेवर पडल्या.

त्यानंतर नानांनी छंद लावून घेतला नाही. म्हणजे ठरवून सोडला असं नाही, पुढच्या दिवाळीला काही नवं आलं नाही एवढंच. वही त्यांनी मला दिली. त्या आकड्यांबद्दल आम्ही कोणी कधी बोललो नाही. आधी योग्य वेळ नव्हती, मग नाना थकले, मग नाना नव्हते. मग दादा आणि आईही. खाडी भरत गेली, पायऱ्या गाळाखाली आणि मग भरावाखाली गेल्या, आणि आता तिथे नक्की काय आहे हे मला सांगता येणार नाही.

ती वही मी पुष्कळदा उघडली आहे. दरवेळी त्या चार ओळींकडे बघत आले: दादाचे चार, ताईचे चार, माझे पाच, आईचे सहा. त्यांच्या वरच्या ओळीकडे कधी लक्ष गेलं नाही, कारण ती आमची नव्हती. यंदाच्या संकष्टीला सकाळी कॅलेंडरसमोर उभी राहून मी सवयीने चारची पाऊणपट केली. तीन, वर अर्धा तास. आणि चहाचा कप तसाच ठेवून वही काढली.

रविवार. वद्य चतुर्थी. कोरड्या पायऱ्या: तीन. अक्षर नानांचं, डोळे मिटत आलेल्या माणसाचं, ओळ सोडून खाली घसरलेलं. साडेतीनला पाणी पायऱ्यांवर भरलं तेव्हा आम्ही पाचही जण कर्नाळ्याच्या उतारावर माश्यांपासून पळत होतो. घरी आलो ते दिवे लागल्यावर, थेट दारात. वर्षाला खंड पडू नये म्हणून पहिला आकडा त्यांनीच मनाने लिहिला होता. त्या तीनवर दादाने एक मिळवला, आणि पुढचं सगळं त्यावर चढत गेलं.

मी उरणला ताईला फोन लावला. तिला आता कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे बंदरावर नाना खरंच सांगत होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि आपण चौघं मागे उभे होतो. त्यांना एकट्यालाच बोलू दिलं."